डोंगरातल्या स्नोमोबाईलला ट्रॅक किती लांब घ्यावा?

डोंगरात चालवायला पहिली स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घेणारा माणूस दोन गोष्टी विचारतो: इंजिन केवढं आणि ट्रॅक, म्हणजे गाडीला खालून ढकलणारा रबरी पट्टा, केवढा. इंजिनाचं हल्ली फारसं कोडं राहिलेलं नाही. डोंगरासाठीच्या बहुतेक नव्या गाड्या 850 सीसीच्या आसपासच्या टू-स्ट्रोक असतात. टर्बो हवा की नको एवढंच ठरवायचं. ट्रॅकच्या लांबीवर मात्र पार्किंगमध्ये तास तास वाद होतात, आणि नव्या माणसाला प्रत्येक जण आपल्याजवळचाच आकडा सांगतो. 165 इंची ट्रॅकवाला म्हणतो 165 च घे. 146 वाला म्हणतो लांब ट्रॅकवर मजा नाही. दोघंही आपापल्या डोंगरापुरतं, आपापल्या वजनापुरतं खरं बोलत असतात.

माझा कल आधीच सांगून टाकतो. बहुतेक नवख्यांनी 154 वर (पोलॅरिस कंपनीच्या गाडीत 155 वर) बोट ठेवून सुरुवात करावी. खाली मी चार प्रश्न दिले आहेत. त्यातल्या किमान दोन प्रश्नांची उत्तरं एकाच बाजूला झुकली, तरच एक पायरी वर किंवा खाली सरकावं. एकाच उत्तरावरून आकडा बदलू नये.

आधी आकडे वाचायला शिका

ट्रॅकचं माप तीन आकड्यांत लिहितात, आणि तिन्ही इंचांत. 16 x 154 x 2.5 म्हणजे ट्रॅक 16 इंच रुंद, 154 इंच लांब आणि त्यावरचे लग, म्हणजे बर्फ ओढणारे रबरी दाते, अडीच इंच उंच. क्रम कधी उलटासुलटा असतो, पण मोठा आकडा लांबीचाच.

ही लांबी म्हणजे पट्ट्याचा पूर्ण घेर. म्हणून 154 च्या ट्रॅकचे 154 इंच बर्फाला टेकतात असं अजिबात नाही. पट्ट्याचा वरचा भाग टनेलच्या, म्हणजे सीटखालच्या धातूच्या खोक्याच्या, आत परत फिरत असतो, पुढचा भाग ड्राइव्हच्या चाकावरून तिरपा खाली येतो, मागचा चाकाला वळसा घालतो. कडक जमिनीवर सपाट टेकतो तो अर्ध्याहूनही कमी. खोल बर्फात तो पुढचा तिरपा भागही थोडा भार घेतो, हे वेगळं. दोन ट्रॅकची तुलना करताना यातून एक सोपा हिशेब निघतो: घेरातल्या फरकाचा साधारण निम्मा भागच जमिनीवर उतरतो. 154 आणि 165 मध्ये 11 इंचांचा फरक, म्हणजे बर्फावर साडेपाच इंच. कागदावर किरकोळ वाटतं. पण ते साडेपाच इंच गाडीच्या अगदी शेपटीला वाढतात, आणि गाडी रुतायला लागते तेव्हा आधी बसते ती शेपटीच.

हे आकडे इतके विचित्र का, 150 किंवा 160 असे गोल का नाहीत, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवखा विचारतो. पट्टा ठरावीक अंतराच्या तुकड्यांनी बनतो, त्या अंतराला पिच म्हणतात. 3 इंचांच्या पिचचे 55 तुकडे म्हणजे 165. साडेतीन इंचांचे 50 म्हणजे 175, आणि 44 म्हणजे 154. 2.86 इंचांचे 48 तुकडे घेतले की 137 च्या जरा वर, 51 घेतले की 146 च्या किंचित खाली. त्यामुळे 153, 154, 155 किंवा 162, 163, 165 या एकेका कुटुंबातल्या फरकावर डोकं शिणवू नका. चालवताना तो कळत नाही.

बाजारात ढोबळमानाने असं दिसेल: 121 ते 137 ट्रेलच्या, म्हणजे दाबून केलेल्या वाटांवरच्या, गाड्यांना; 137 ते 146 ट्रेल आणि डोंगर दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्यांना; 146 पासून 175 पर्यंत खास डोंगरासाठी. 1990 च्या दशकात 136 चा ट्रॅक लांब समजला जायचा. आज तेवढ्या ट्रॅकवर खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, शिरलात तर दिवसाचा बराचसा वेळ फावडं चालवण्यात जाईल.

लांबीने नेमकं काय बदलतं

चिखलावर फळी टाकली की पाय रुतत नाही, तेच इथे. वजन तेवढंच, पण जास्त जागेवर पसरतं, म्हणून गाडी बर्फावर तरंगते. दुसरं म्हणजे एका वेळी जास्त लग बर्फात असतात, त्यामुळे चढावर ओढ जास्त मिळते. तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. लांब ट्रॅकमुळे गाडीचं नाक चढावर लवकर उचललं जात नाही, उभ्या चढावर ती मागे कलंडण्याची भीती कमी होते.

या सगळ्याची किंमत वळणावर मोजावी लागते. लांब ट्रॅकला सरळ जायला आवडतं. कडक ट्रेलवर हँडल वळवलं तरी स्की, म्हणजे गाडीला वळवणाऱ्या पुढच्या दोन फळ्या, घसरत राहतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. लांब पट्टा फिरवायला इंजिनाची ताकद जास्त लागते, वजन काही किलोंनी वाढतं, आणि रुतलीच तर खणायलाही जास्त.

थोडक्यात, लांब ट्रॅक चुका पोटात घालतो. थ्रॉटल (अंगठ्याने दाबायचा वेगाचा खटका) उशिरा दाबला, ठरवलेली ओळ चुकली, वेग पडला, तरी तो बऱ्याचदा तुम्हाला बाहेर काढतो. छोटा ट्रॅक तेवढी सवलत देत नाही, पण मनात आलं की वळतो.

पहिला प्रश्न: तुमचा बर्फ कसा आहे?

अमेरिकेच्या वायव्येकडच्या कॅस्केड पर्वतात, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याकडे किंवा अलास्काच्या टर्नअगेन पासवर समुद्राची दमट हवा येते. तिथला बर्फ जड, ओलसर, दाबला की बसणारा. तो गाडीला खालून आधार देतो, म्हणून तिथे 146 किंवा 154 वर बरंच काही जमतं. कोलोरॅडो, युटा, वायोमिंगच्या आतल्या भागात बर्फ कोरडा आणि हलका. कंबरेएवढ्या ताज्या पावडरमध्ये खाली आधारच सापडत नाही, तिथे लांबीची खरी गरज भासते. ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात, रेव्हलस्टोक आणि सिकामूसकडे, बर्फ खोल पडतो आणि त्यात दाट झाडी, म्हणजे तरंगणंही हवं आणि वळणंही.

महिनासुद्धा बघा. जानेवारीतल्या वादळानंतरचा बर्फ आणि एप्रिलमधला दबून घट्ट झालेला बर्फ हे एकाच डोंगरावर असले तरी दोन वेगळे प्रांत आहेत. वसंतात 146 वाला खुशीत असतो आणि 175 वाल्याला आपली गाडी ट्रकसारखी वाटायला लागते. तुमच्या सुट्ट्या कधी येतात ते प्रामाणिकपणे बघा. मनातला बर्फ नेहमी गुडघ्याच्या वर असतो. हंगामातले निम्मे दिवस तो नसतो.

दुसरा प्रश्न: किती उंचीवर, किती ताकद घेऊन?

नवखे सगळ्यात जास्त इथे गडबडतात.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर 1000 फुटांना साधारण 3 टक्के कमी होते. 165 हॉर्सपॉवरचं इंजिन 10,000 फुटांवर नेलं की हातात 115 च्या आसपास उरतात. कोलोरॅडोतला व्हेल पास 10,662 फुटांवर आहे, वायोमिंगचा टोगवटी पास 9,658 फुटांवर, आणि तिथून तुम्ही वरच चढणार. याउलट टर्नअगेन पासची उंची 1000 फुटांच्या आसपास. तीच गाडी, तोच ट्रॅक, पण दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या गाड्या चालवल्यासारखं वाटतं.

आता पेच बघा. उंचावरचा कोरडा बर्फ लांब ट्रॅक मागतो, आणि तो फिरवायची ताकद त्याच उंचीवर कमी झालेली असते. खोल बर्फात गाडी तरंगते ती नुसत्या क्षेत्रफळावर नाही, पट्टा किती वेगाने फिरतो यावरही. ताकद अपुरी पडली की लांब पट्टा मंद फिरतो, गाडी वर यायच्या ऐवजी नांगरत पुढे सरकते, आणि मग लांबीचा फायदा निम्मा वाया जातो. म्हणून 600-650 सीसीच्या गाडीला 154 च्या पुढे नेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. साध्या 850 ला 154 छान जुळतो आणि 165 ही पेलतो. 175 घ्यायचा विचार टर्बो असेल तरच करा. कारखान्यातून टर्बो बसवून येणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या आल्या आणि हा पेच बराच सुटला, कारण टर्बो बऱ्याच उंचीपर्यंत खालचीच ताकद देत राहतो. पण त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि नवख्या हाताला ती ताकद थोडी जास्तच होते.

तिसरा प्रश्न: तुमचं वजन?

लाजू नका, आणि कपड्यांसकट मोजा. बूट, हेल्मेट, हिमस्खलनात फुगणाऱ्या एअरबॅगची पाठपिशवी, फावडं, प्रोब (बर्फाखालचा माणूस शोधायची लांब काठी), पाणी, खाणं हे सगळं चढवून काट्यावर उभे राहा. घरातल्या आकड्यात दहा-पंधरा किलोंची भर सहज पडते. टनेलवर पेट्रोलचा जादा कॅन बांधणार असाल तर तोही धरा, आणि तो शेपटीवर बसतो हे लक्षात ठेवा.

साठ-सत्तर किलोंच्या माणसाला 146 वर जे तरंगणं मिळतं, ते शंभरीपार माणसाला 165 वर मिळतं. हलक्या माणसाने 165 घेतला तर उलटाच त्रास: गाडी कडेवर कलवायला अंगाचं वजन पुरत नाही, आणि डोंगरात वळवणं म्हणजे हँडलपेक्षा कलवणंच जास्त.

चौथा प्रश्न: तुम्हाला करायचंय काय?

नवख्याला याचं उत्तर माहीत नसतं, आणि तो व्हिडिओ बघून ठरवतो. त्यामुळे तंत्र थोडं जवळून बघू.

डोंगरात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे उताराला आडवं जाणं, ज्याला साइडहिल म्हणतात. समजा डोंगर डावीकडे आहे. तुम्ही दोन्ही पाय डाव्या रनिंग बोर्डवर, म्हणजे बाजूच्या पाय ठेवायच्या फळीवर, आणता, उजवा पाय पुढे. हँडल उताराकडे, म्हणजे उजवीकडे, वळवता आणि शरीर डोंगराकडे झुकवता. थ्रॉटलचा एक छोटा झटका दिला की गाडी डाव्या कडेवर कलते. आता ती पट्ट्याच्या डाव्या कडेवर आणि डाव्या स्कीवर चालत असते, उजवी स्की हवेत. इथून पुढे सगळा खेळ अंगठ्याचा. जरा जास्त दाबला की शेपटी खाली घसरते, कमी पडला की गाडी सपाट होऊन उताराकडे तोंड करते.

याच क्षणी लांबी कळते. लांब ट्रॅकची कड बर्फात जास्त अंतरभर रोवलेली असते, त्यामुळे कमी वेगातही तो ओळ सोडत नाही. शिकणाऱ्याला विचार करायला दोन क्षण मिळतात. 146 वर तेच करताना वेग राखावा लागतो आणि शेपटी लवकर सुटते. पण त्याच उतारावरून अचानक वर वळायचं असेल, दोन झाडांमधून शिरून लगेच तिसऱ्याला चुकवायचं असेल, तर 146 हाताखाली खेळतो आणि 165 ला आधीपासून पटवावं लागतं.

झाडीबद्दल लोक सरसकट "छोटा घ्या" म्हणतात. ते मला अर्धवट पटतं. पटाईत माणसासाठी खरं आहे. नवखा मात्र झाडीत हळू चालवतो, आणि हळू चालवताना छोटा ट्रॅक बसतो. पहिल्या हंगामात झाडांमध्ये 154 ने मला 146 पेक्षा कमी दमवलं असतं, असं मी छातीठोक सांगेन. उड्या मारायच्या असतील, कॉर्निसवरून (कड्याबाहेर लोंबणाऱ्या बर्फाच्या छज्जावरून) झेपावायचं असेल, तर छोटा ट्रॅक हवेत आटोक्यात राहतो. उभे चढ, लांबच लांब दऱ्या, वादळानंतरचे दिवस यासाठी 165.

ट्रेलचा हिशेबही यातच करा. पावडरपर्यंत पोचायला बऱ्याच ठिकाणी कित्येक किलोमीटर दाबून गुळगुळीत केलेल्या रस्त्यावरून जावं लागतं. मोकळा बर्फ नसला की रेडिएटरला आणि पट्टा ज्यावर घसरतो त्या प्लॅस्टिकच्या हायफॅक्सला थंडावा मिळत नाही, इंजिन तापतं. आइस स्क्रॅचर लावून घ्या, ट्रॅक कितीही लांब असो. ते बर्फ खरवडून आत उडवतात. मागे घेताना ते उचलून अडकवायचे असतात, तुमच्या गाडीचे उलटं चालणं सहन करणाऱ्या जातीचे नसतील तर.

रुंदी आणि लग: लांबीचे भागीदार

स्की-डू कंपनीच्या समिट या डोंगरी गाडीचा ट्रॅक 16 इंच रुंद असतो, पोलॅरिसच्या आरएमकेचा 15. म्हणून दोन कंपन्यांचे लांबीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. गुणाकार करा: 16 x 146 म्हणजे 2336, आणि 15 x 155 म्हणजे 2325. घेराचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं! अर्थात चालवायला त्या सारख्या नसतात. अरुंद ट्रॅक कडेवर सहज कलतो, रुंद जास्त तरंगतो. रुंद ट्रॅकची कड लवचिक करून कंपन्यांनी ही तूट बरीच भरून काढली आहे.

लग अडीच इंचांच्या आसपास असले की बहुतेकांचं भागतं. तीन इंची लग खोल कोरड्या पावडरसाठी उत्तम, पण कडक ट्रेलवर वाकतात आणि तापतात. शिवाय छोट्या ट्रॅकवर मोठे लग बसवून थ्रॉटल दाबून धरला, तर गाडी पुढे जायच्या आधी खाली चर खणते. नवख्याचा अंगठा हेच करतो. गाडी अडकतेय असं वाटलं की तो पूर्ण दाबतो, आणि चार सेकंदांत ट्रॅक जमिनीपर्यंत पोचतो. यावर 175 सुद्धा उपाय नाही. गाडी बसायला लागली की अंगठा सोडा, उतरा, समोरचा बर्फ पायाने तुडवून घट्ट करा, मग हलक्या हाताने काढा.

आता निवड

146: तुम्ही हलके आहात, वसंतात जास्त जाता, उड्यांची ओढ आहे किंवा बर्फ किनाऱ्याकडचा घट्ट आहे. यातली दोन तरी खरी हवीत.

154 किंवा 155: वरच्या उत्तरांनी एका बाजूला जोर लावला नाही तर हाच. पुढे विकायला निघालात तरी गिऱ्हाईक मिळतं.

165: कपड्यांसकट शंभरीच्या पुढे असाल, कोरड्या आणि उंच प्रदेशात चालवत असाल, 850 किंवा टर्बो असेल. सोबतची सगळी टोळी 165 वर असेल तर हेही कारण धरा. ते जिथे सहज जातील तिथे तुम्ही दिवसभर धापा टाकत पोचाल.

175: पहिली गाडी म्हणून नको. वजन खूप जास्त आणि ताकदही भरपूर असेल तर अपवाद.

137: डोंगरासाठी नको, स्वस्तात मिळाली तरी.

ठरवायच्या आधी भाड्याने घ्या. शक्य असेल तर एकाच डोंगरावर लागोपाठच्या दोन दिवसांत 154 आणि 165. सकाळी नाही, दुपारी दमल्यावर गाडी कशी वाटते ते लक्षात ठेवा, कारण खरी अडचण तेव्हाच होते. आणि ट्रकचा हौदा किंवा ट्रेलर मोजून घ्या. 165 ची शेपटी बाहेर लोंबकळतेय हे विकत घेतल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत.

जुनी घेताना, आणि ट्रॅक बदलताना

जुनी गाडी बघायला गेलात तर मागची बाजू स्टँडवर उचलून ट्रॅक हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. तुटलेले किंवा फाटलेले लग मोजा, कडेच्या चिरा बघा, आडवी दांडी कुठे मोडली आहे का ते पट्टा वाकवून तपासा, पट्ट्यातल्या खिडक्यांवरच्या (भोकांवरच्या) लोखंडी क्लिप जागेवर आहेत का बघा. हायफॅक्स झिजून रेलपर्यंत, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या धातूच्या लांब पट्टीपर्यंत, आला असेल तर किंमत पाडा.

"आत्ता 154 घेतो, पुढे 165 करतो" असा बेत असेल तर सोडून द्या. नुसता पट्टा बदलून भागत नाही. रेल वाढवाव्या लागतात, टनेल लांब करावा लागतो, बहुतेकदा गिअरिंग खाली आणावं लागतं. एवढं करून सस्पेन्शनचे सांधे जुन्याच जागी राहतात, त्यामुळे कारखान्यातल्या 165 चा समतोल येत नाही. गाडी विकून हवी ती घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

एक गोष्ट लांबीशी थेट बांधलेली आहे. छोटा ट्रॅक ज्या उतारावर दम तोडतो, तिथे लांब ट्रॅक तुम्हाला सहज चढवतो, आणि 30 ते 45 अंशांचे हेच उतार हिमस्खलनाचे. पहिल्या हंगामात 165 घेणारा माणूस उतार वाचायला शिकायच्या आधी त्यावर पोचतो. त्यामुळे गाडीच्या बजेटमध्ये ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब, फावडं आणि हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स आधी घाला. निघण्यापूर्वी त्या भागाचा इशारा वाचा. कॅनडात अ‍ॅव्हलांच कॅनडा तो देते, अमेरिकेत तिथली प्रादेशिक केंद्रं. उतारावर एका वेळी एकानेच जायचं. वर कोणी रुतला तर मदतीला दुसरी गाडी वर न्यायची नाही, खाली सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची.

नवा ट्रॅक पहिल्या काही तासांत थोडा ताणला जातो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे त्याचा ताण तपासा. मागच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही बोल्ट सारखे फिरवा, आणि उचललेल्या अवस्थेत पट्टा हळू फिरवून तो दोन्ही रेलच्या बरोबर मध्ये चालतोय ना ते मागून वाकून बघा.